फाटलेले जोडणारी सुई

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की घराघरांत ईदच्या आवराआवरीला वेग येतो. पडदे धुवायला निघतात, शिरखुर्म्याच्या सामानाची यादी होते आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरते. दिवाळीच्या आधी शेजारच्या घरात जे चालते, तेच. पेटीत वरच्या थरात अलीकडचे कपडे असतात. त्याखाली आजीच्या निकाहातली जरीची ओढणी, आजोबांची शेरवानी, एखादी विरलेली शाल. आणि अगदी तळाशी, पत्र्याचा गंज वरच्या कपड्यांना लागू नये म्हणून अंथरलेली जुनी गोधडी.

सणासुदीच्या याच दिवसांत गल्लीत जुन्या जरीच्या साड्या विकत घेणाऱ्यांची आरोळीही ऐकू येते. शालू असो की पैठणी, हे खरेदीदार कापडाचा भाव करत नाहीत, जरीतल्या चांदीचा करतात. पुढे काठ आणि पदर कापून जाळले जातात आणि राखेतून चांदी गाळून घेतली जाते. गोधडीला तेवढाही भाव येत नाही. ती गाडी पुसायला जाते, नाहीतर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात.

तीन-तीन पिढ्या टिकलेल्या वस्तूंचा निकाल बहुतेक घरांत अर्ध्या तासात लागतो. तो लावण्यापूर्वी या कापडांविषयी थोडे जाणून घ्यायला हवे. ती विरतात का, फाटलेले जोडणारे हात कोणाचे, आणि जुने कापड जपायचे म्हणजे नेमके काय करायचे?

पेटीच्या तळाशी काय असते

गोधडी महाराष्ट्रातल्या सगळ्या जातिधर्मांच्या घरांत सापडते. जुनी लुगडी, धोतरे, ओढण्या एकावर एक अंथरायच्या, कडा आत दुमडायच्या आणि काठापासून मध्याकडे येत साधा धावदोरा घालायचा. कुठे तिला वाकळ म्हणतात, कुठे लेप. कर्नाटकात ती कौदी होते, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंधमध्ये रल्ली. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. आज त्यांच्यात हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि घरात मराठी-कानडीची सरमिसळ असलेली कोकणी बोलली जाते. तिन्ही धर्मांच्या सिद्दी बायका एकाच पद्धतीने गोधडी शिवतात. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात. त्यांना ‘फुला’ म्हणतात. त्या लावल्याशिवाय गोधडी उघडी राहिली, असे मानतात.

ठिगळांच्या वस्त्राला मान देण्याची परंपराही दोन्हीकडची आहे. सूफी फकिराची गुदडी आणि गोसाव्याची कंथा या दोन्ही चिंध्या जोडूनच बनत. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः शिवत आणि पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, असे हदीसमध्ये नमूद आहे.

पेटीतली बाकीची कापडेही आपला इतिहास सांगतात. हिमरू हे छत्रपती संभाजीनगरचे नावाजलेले कापड. किनखाबासारखे दिसावे, पण सुती धाग्यामुळे परवडावे, म्हणून सूत आणि रेशीम एकत्र घेऊन ते विणले गेले. मशरूची गोष्ट त्याहून वेगळी. पुरुषांनी निव्वळ रेशीम अंगावर घालू नये, असा इस्लामी दंडक. मग विणकरांनी असे कापड काढले की वरच्या बाजूला रेशीम झळकेल आणि अंगाला मात्र सूत लागेल. ‘मशरू’ म्हणजे शरियतनुसार चालणारे. ते पुढे सगळ्याच धर्मांच्या लोकांनी हौसेने वापरले. काश्मिरी शालीचे तर मराठीत वेगळेच स्थान आहे. पेशवाईत शालजोडी देऊन सन्मान केला जाई. सन्मान मागे पडला, पण ‘शालजोडीतले’ टोमणे भाषेत राहिले.

कापड विरते कसे

जुने कापड एका दिवसात फाटत नाही. त्याचे तंतू वर्षानुवर्षे कमजोर होत जातात आणि एके दिवशी हलका ताणही पुरेसा होतो. पहिला शत्रू उजेड. प्रकाशाने रंग उडतात आणि तंतू ठिसूळ होतात. हे नुकसान साठत जाते आणि भरून येत नाही. महिनाभर उन्हाच्या खिडकीजवळ टांगलेली ओढणी नंतर अंधारात ठेवली, तरी गेलेला रंग परत येत नाही. म्हणूनच जगभरातील संग्रहालये जुन्या कापडांवर साधारण ५० लक्सइतकाच मंद उजेड ठेवतात. तेथे गेल्यावर दालन अंधारे का, असे वाटते, त्याचे कारण हेच.

दुसरा शत्रू दमटपणा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. तिसरा शत्रू कीड. लोकर आणि रेशीम खाणाऱ्या किडी वेगळ्या, सुती कपड्यातली खळ खाणाऱ्या वेगळ्या. खळ घालून, कडक इस्त्री करून ठेवलेले सुती कापड कसरीला आमंत्रणच देते. चौथा शत्रू घडी. पन्नास वर्षे एकाच रेषेवर मोडलेले रेशीम त्याच रेषेवर चिरते.

काही कापडांचा शत्रू त्यांच्या रंगातच असतो. हाताने छापलेल्या जुन्या कापडात काळा रंग बहुधा लोखंडापासून केलेला असे. लोखंडाचे भंगार गुळाच्या पाण्यात आंबवून तो बनवतात. हे लोखंड काळ लोटला की खालचा सुती तंतू कुरतडते. म्हणून जुन्या छापील चादरीत लाल फुले शाबूत आणि त्यांच्याभोवतीची काळी रेघ तेवढी झडून गेलेली दिसते. तो वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा नसतो.

जरीचेही असेच. रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळायची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यायचा, ही अस्सल जर. मुलामा झिजला की चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. हा काळेपणा काढायला घरोघरी लिंबू, चिंच, दंतमंजन असे प्रयोग होतात. त्याने तार चकाकते खरी. पण आम्ल आणि घासणे या दोन्हींनी उरलेला मुलामा जातो आणि आतले रेशीम कमजोर होते.

नजीबाबादचे रफूगर

फाटलेले कापड जोडण्याची भारतातली सर्वांत बारीक विद्या म्हणजे रफू. प्रत्येक गावाच्या बाजारपेठेत पूर्वी एखादा रफूगर बसलेला असे. सिगारेटने जळालेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पँट त्याच्याकडे जाई. पण या विद्येचे खरे घर काश्मिरी शालीत आहे.

एकोणिसाव्या शतकात मोठी नक्षीदार शाल बऱ्याचदा एका मागावर होत नसे. एकेका शालीला महिनोन् महिने लागत, म्हणून तिचे तुकडे वेगवेगळ्या मागांवर विणत आणि ते रफूगराकडे येत. तो ते असे जोडी की सांधा नजरेला सापडू नये. म्हणजे रफूगर हा केवळ दुरुस्ती करणारा नव्हता. शाल घडवण्यातच त्याचा वाटा होता. १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपातली मागणी कोसळली आणि शालीचा मोठा व्यापार बसला. मग जुन्या शाली जपणे, त्यांचे शाबूत भाग काढून पुन्हा जोडणे, हे काम रफूगरांकडे राहिले.

या कामासाठी आज ओळखले जाणारे गाव म्हणजे उत्तर प्रदेशातील बिजनौर जिल्ह्यातले नजीबाबाद. मराठी वाचकाला हे नाव खटकेल. पानिपताच्या इतिहासात ज्याच्या नावाने कपाळाला आठी पडते, त्या नजीबखान रोहिल्याने हे गाव वसवले. १७७२मध्ये मराठी फौजा तिथवर पोहोचल्या आणि त्यांनी त्या भागाची धूळधाण केली. त्याच गावातली मुस्लिम रफूगर कुटुंबे पिढ्यान् पिढ्या फाटलेल्या शाली सांधत आली आहेत. दिल्लीच्या वस्त्रकलावंत प्रिया रविश मेहरा यांनी या कारागिरांसोबत अनेक वर्षे काम केले आणि त्यांची कला लोकांसमोर आणली.

रफूगर आधी शाल हातात घेऊन तिची वीण ओळखतो. मग शक्यतो त्याच शालीच्या दडलेल्या कडेतून किंवा तशाच जुन्या तुकड्यातून धागा काढतो, कारण नव्या धाग्याचा रंग आणि पीळ जुळत नाही. भोकाच्या चारही बाजूंनी शाबूत कापडात शिरून तो आधी उभे धागे भरतो. मग आडवा धागा एक वर, एक खाली असा सुईने विणत नेतो. माग जे करतो तेच तो सुईने करतो. काम साधले की भोक कुठे होते हे मालकालाही दाखवता येत नाही.

यातच या कारागिराची अडचण आहे. त्याचे काम जितके चांगले, तितके ते अदृश्य. विणकराचे नाव क्वचित का होईना शालीवर सापडते; रफूगराचे नाव कुठेच राहत नाही. दिसत नसलेल्या कामाचे मोल मागणेही कठीण जाते.

बाबा फरीद यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. कोणीतरी त्यांना कात्री भेट दिली. ते म्हणाले, मला सुई दे. मी कापत नाही, जोडतो. ही गोष्ट दर्ग्यांमधून अनेकदा सांगितली जाते. रफूगराच्या दुकानात ती शब्दशः खरी ठरते.

अर्दबीलचा गालिचा

पण जोडण्यासाठीही कधी कापावे लागते, आणि तिथे प्रश्न उभा राहतो. याचे सर्वांत मोठे उदाहरण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जमिनीवर अंथरलेले आहे.

इराणमधील अर्दबील येथे सूफी संत शेख सफी यांचा दर्गा आहे. तिथून आलेला हा गालिचा सुमारे साडेदहा मीटर लांब आणि सव्वापाच मीटरहून अधिक रुंद आहे. एका चौरस इंचात सुमारे ३४० गाठी. एका टोकाला हाफिज यांच्या गझलेतील ओळी, मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० हे वर्ष विणलेले आहे. प्रसिद्ध कलावंत विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीनंतर संग्रहालयाने १८९३मध्ये तो २००० पौंडांना घेतला.

खरे तर असे दोन गालिचे होते. दोन्ही जीर्ण झाले होते. विक्रीपूर्वी एका गालिच्याचे भाग कापून दुसऱ्यात बसवण्यात आले. त्यामुळे एक गालिचा ‘संपूर्ण’ झाला आणि दुसरा आपली किनार गमावून बसला. तो दुसरा आज अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातात कसब होते. तरी आज कोणताही जाणकार असे काम करणार नाही. एका वस्तूला नवी दिसावी म्हणून दुसरीचा बळी गेला.

लंडनच्या गालिच्याची पुढची गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. अनेक वर्षे तो भिंतीवर टांगलेला होता. २००६मध्ये त्याला दालनाच्या मध्यभागी, काचेच्या मोठ्या पेटीत, जमिनीलगत आडवा ठेवण्यात आले. रंग टिकावेत म्हणून त्याच्यावरचा दिवा दर तासाला आणि दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटे लागतो. दूरदेशाहून आलेले लोक त्या दहा मिनिटांसाठी थांबतात. गालिच्याला हात न लावता त्याचे आयुष्य वाढवणारा हा उपाय आहे.

संग्रहालयातली सुई

वस्त्रजतन करणारे तज्ज्ञही सुईच वापरतात, पण रफूगराच्या उलट बाजूने. त्यांचा पहिला नियम असा की केलेले काम पुढे कोणालाही सोडवता आले पाहिजे. दुसरा, जुने काय आणि नवे काय हे जवळून पाहणाऱ्याला कळले पाहिजे. तिसरा, गरजेपेक्षा एक टाकाही जास्त नको.

एखादी जुनी गोधडी त्यांच्याकडे गेली की आधी धुतली जात नाही. तिची छायाचित्रे निघतात, मापे, धागे, डाग, जुनी ठिगळे यांची नोंद होते. मग वर जाळी ठेवून अगदी हलक्या ओढीच्या यंत्राने धूळ शोषून घेतात. प्रत्येक रंगावर ओला टीपकागद दाबून रंग सुटतो का ते पाहतात. एक रंग जरी सुटला, तरी पाणी लावत नाहीत. धुणे शक्य असेल तर कापड आडवेच ठेवून क्षारमुक्त पाण्यात भिजवतात. पिळणे, टांगणे नाही. किडीची शंका असेल तर पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे २० ते उणे ३० अंशांत काही दिवस गोठवतात. त्याने औषध न मारता कीड आणि तिची अंडी मरतात.

फाटलेल्या जागी भोक भरत नाहीत. मागे जुळत्या रंगाचे नवे कापड धरतात आणि सुटलेले जुने धागे त्यावर केसाएवढ्या रेशमाने टाचून ठेवतात. सुई जुन्या तंतूला छेदून न जाता दोन तंतूंच्या मधून जाईल, इतकी काळजी घेतात. कापड अगदीच ठिसूळ असेल तर वरून पारदर्शक रेशमी जाळी घालतात. भोक दिसत राहते. फक्त ते आणखी वाढत नाही.

देशात हे काम शिकवणाऱ्या आणि करणाऱ्या संस्था आहेत. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा १९७६पासून कार्यरत आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे स्वतंत्र केंद्र आहे. सल्ला घ्यायचा असेल तर ही दारे ठाऊक असावीत.

कोणते कापड कोणाकडे

मग रफूगर बरोबर की संग्रहालयवाले? दोघेही, पण वेगवेगळ्या कापडांसाठी. जी शाल अजून अंगावर घ्यायची आहे, तिला रफूच हवा. भोक तसेच ठेवले तर ती पुढच्या थंडीपर्यंत टिकणार नाही. ज्या कापडाचे वापरायचे दिवस संपले आणि जे आता आठवण किंवा इतिहास म्हणून राहणार आहे, त्याला नवे दाखवण्याचा हट्ट सोडावा. पणजीच्या निकाहातली ओढणी आता कोणी डोक्यावरून घेणार नाही. तिच्या विरलेल्या जागा तिच्या वयाचा भाग आहेत.

गोधडी या दोन्हींच्या मधली. पूर्वी ती विरली की वरून आणखी एक लुगडे घालून पुन्हा टाके घालत. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात राही. अशा गोधडीची शिवण उसवली तर आतून आजीच्या आधीच्या पिढीचे लुगडे निघते. म्हणून ती उसवून ‘नीट’ शिवण्याच्या भानगडीत पडू नये. वाकड्यातिकड्या ठिगळांसकट ती एकच वस्तू आहे. हल्ली गोधडी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावण्याची हौस वाढली आहे. हौस चांगली, पण भिंत उन्हाची नसावी, काच कापडाला टेकू नये आणि काही महिन्यांनी तिला उतरवून विश्रांती द्यावी.

घरी करण्यासारखे

बरेचसे जतन घरच्या घरी आणि जवळपास फुकट होते. कापड जुन्या, स्वच्छ, धुतलेल्या मलमलीत किंवा मांजरपाटात गुंडाळावे. आपल्या आज्या हेच करत, आणि जाणकारही हेच सांगतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. वर्तमानपत्राच्या कागदातले आम्ल कापड पिवळे करते; हे वर्तमानपत्रातच छापलेले असले तरी खरे आहे. पेटीच्या पत्र्याला किंवा कपाटाच्या लाकडाला कापड थेट टेकू देऊ नये.

घडी मोडून दर तीन-चार महिन्यांनी नव्या जागी घालावी. घडीच्या पोटात मऊ कापडाची गुंडाळी ठेवली तर धार पडत नाही. शक्य असेल तर नळीवर गुंडाळावे. जर बाहेरच्या बाजूला ठेवावी. डांबराच्या गोळ्या कापडावर टाकू नयेत. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवता येतात, पण त्यांनी लागलेली कीड मरत नाही. खरा उपाय म्हणजे वेळोवेळी पेटी उघडून पाहणे. पावसाळा संपला की कापडे सावलीत, वाऱ्याला पसरावीत. रोजच्या गोधडीला ऊन चालते, जुन्या रेशमाला नाही.

ईदच्या दिवशी जुनी शेरवानी किंवा जरीची ओढणी घालायची असेल तर अत्तर कापडाला लावू नये. तेलाचा डाग रेशमातून निघत नाही आणि जर काळी पडते. अत्तर मनगटाला लावावे आणि ते सुकल्यावर कपडा चढवावा. शिरखुर्मा सांडला तर चोळू नये, स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्यावा. घामाचा कपडा तसाच पेटीत टाकू नये; रात्रभर पंख्याखाली पसरून, सकाळी ठेवावा.

एक काम मात्र कोणतेही संग्रहालय करू शकत नाही. रेशीम कोणते, रंग कसला, हे तज्ज्ञ भिंगातून ओळखतो. ही गोधडी कोणी शिवली, कोणत्या बाळंतपणात शिवली, मधले हिरवे ठिगळ कोणाच्या लुगड्याचे, हे भिंगातून दिसत नाही. ते घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला ठाऊक असते, आणि बहुतेकदा फक्त तिलाच. इफ्तारनंतर घरातली सगळी माणसे एकत्र बसतात. त्या वेळी तिला विचारून मांजरपाटाच्या छोट्या पट्टीवर पेन्सिलने नाव, गाव आणि साल लिहावे आणि ती पट्टी गुंडाळलेल्या मलमलीला दोन सैल टाक्यांनी टाचून ठेवावी. शाईने लिहू नये, ती पसरते. टाके सैल असावेत, म्हणजे पुढे कोणाला ती सोडवून वाचता येईल.